कोल्हापुरात बसून ट्रेडिंग कार्डाचं ग्रेडिंग कसं करून घ्यायचं आणि किंमत कशी काढायची

माळा साफ करताना पत्र्याच्या डब्यात माझी शाळेतली कार्डं सापडली. मामा परदेशातून आले तेव्हा आणलेली पोकेमॉनची पाकिटं, शाळेबाहेरच्या दुकानातून घेतलेली डब्ल्यूडब्ल्यूईची स्लॅम अटॅक्स, थोडी क्रिकेट अटॅक्स. त्याच आठवड्यात कुणीतरी बातमी पाठवली होती की १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. त्या बातमीनं मला कामाला लावलं. पुढचं दीड वर्ष मी हे सगळं चुकत चुकत शिकलो. कोल्हापुरात विचारायला माणूस नव्हता. तुमची तशी फरफट होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ग्रेड वेगळा आणि किंमत वेगळी. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे पाहिले असतील तर हे पटकन कळेल. गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, रंग, कणी, चव बघून त्याची प्रत ठरते. पण भाव ठरतो बोलीत, त्या दिवशी आवक किती आणि घेणारे किती यावर. कार्डाचंही तेच. ग्रेडिंग कंपनी, म्हणजे कार्ड तपासून त्याला १ ते १० मधला आकडा (ग्रेड) देणारी आणि ते डबीत सीलबंद करून परत पाठवणारी कंपनी, फक्त प्रत सांगते. भाव ती सांगत नाही. मी सुरुवातीला या दोन गोष्टी एकच समजलो आणि माझे बहुतेक चुकीचे निर्णय तिथूनच आले.

जमवायचं सामान

- १० पट मोठं दाखवणारं भिंग, म्हणजे सोनार वापरतात ते लूप
- मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली पारदर्शक पट्टी
- पांढऱ्या उजेडाची छोटी एलईडी टॉर्च
- पेनी स्लीव्ह, म्हणजे कार्डाची पातळ मऊ पिशवी
- टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट (घरात ठेवण्यासाठी)
- कार्ड सेव्हर, म्हणजे थोडं लवचिक पाकीट (ग्रेडिंगला पाठवण्यासाठी)
- कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा
- रंगाच्या दुकानात मिळणारी मास्किंग टेप
- हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर, सिलिका जेलच्या पुड्या आणि झाकण घट्ट बसणारा डबा
- एक वही

स्लीव्ह आणि पाकिटं मला ऑनलाइनच मागवावी लागली. भिंगासाठी मात्र गुजरीत जा. सोनारांना लागणारं सामान तिथे आसपास मिळतं, आणि हातात धरून, डोळ्याला लावून बघता येतं. भिंग डोळ्याजवळ ठेवायचं आणि वस्तू जवळ आणायची, ही साधी रीत मला तिथल्याच एका कारागिरानं दाखवली. तोवर मी भिंग कार्डावर टेकवून बघत होतो आणि काही दिसत नव्हतं.

१. कार्ड नेमकं कोणतं, ते आधी ओळखा

"माझ्याकडे पिकाचू आहे" एवढ्यानं काही होत नाही. पिकाचूची शेकडो वेगवेगळी कार्डं निघाली आहेत. पोकेमॉन कार्डाच्या खालच्या कडेला क्रमांक असतो, उदाहरणार्थ २/१०२. म्हणजे १०२ कार्डांच्या संचातलं दुसरं कार्ड. त्याच्या जवळपास छोटी खूण असते. गोल म्हणजे सर्रास मिळणारं, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे थोडं कमी, चांदणी म्हणजे दुर्मीळ. क्रमांक संचाच्या एकूण आकड्यापेक्षा मोठा असेल, तर ते संचाबाहेरचं जादा दुर्मीळ कार्ड.

पोकेमॉनचा इंग्रजी बेस सेट १९९९ मध्ये आला. जपानी त्याच्या आधी, १९९६ मध्ये. याच इंग्रजी संचाच्या सुरुवातीच्या काही छपायांत चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावली नाही. त्याला संग्राहक शॅडोलेस म्हणतात. काहींवर चित्राच्या खाली डावीकडे पहिल्या आवृत्तीचा शिक्का असतो. एकच चित्र, एकच क्रमांक, पण शिक्का आणि सावली यांवर किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. माझ्या मामांनी आणलेल्या कार्डांच्या तळाशी '१९९९-२०००' असं छापलेलं आहे. ती ब्रिटनसाठी काढलेली नंतरची छपाई. मी महिनाभर तिचे भाव चुकीच्या छपाईच्या यादीत शोधत होतो.

दुसरा गैरसमज जुनेपणाचा. जुनं म्हणजे महाग, असं नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या सुरुवातीला बेसबॉल कार्डं इतकी बेसुमार छापली गेली की त्यातली बहुतेक आजही कवडीमोल आहेत. आपल्याकडच्या स्लॅम अटॅक्स आणि क्रिकेट अटॅक्सबद्दल माझं मत असं, की त्यांचा संच पूर्ण करा, आठवण म्हणून जपा, पण एकेक कार्ड ग्रेडिंगला पाठवायचा खर्च सहसा निघत नाही.

२. खरं की नकली, हे घरीच तपासा

जत्रेत, खेळण्यांच्या गाड्यांवर सोनेरी चकाकणारी पोकेमॉन कार्डं मिळतात, ५०-५५ कार्डांचा डबा दोनशे-तीनशे रुपयांना. ती सगळी नकली. माझ्या भाच्यानं असा डबा आशेनं आणून दाखवला होता, आणि त्याला हे सांगताना मला वाईट वाटलं. खेळायला ती चालतात. त्यांना ग्रेड मिळत नाही.

तपासायची रीत अशी. ज्या संचातलं कार्ड, त्याच संचातलं एक खात्रीचं स्वस्त कार्ड शेजारी ठेवा. मग बघा:

मागच्या बाजूचा निळा रंग जुळतो का. 'पोकेमॉन' या इंग्रजी शब्दातल्या ई वरची छोटी तिरकी रेघ जागेवर आहे का, कारण नकली कार्डावर ती पुष्कळदा गायब असते. अक्षरांची जाडी सारखी आहे का. मग भिंग लावा. खऱ्या छपाईत चित्राचे रंग बारीक ठिपक्यांच्या फुलांसारख्या नक्षीत दिसतात, आणि काळी अक्षरं मात्र सलग, धारदार असतात. अक्षरंच ठिपक्यांनी बनलेली दिसली तर ते कार्ड बहुधा दुसऱ्या कार्डाचं स्कॅन करून छापलेलं आहे. शेवटी अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च लावा. खऱ्या कार्डाच्या कागदात मधे गडद थर असतो, त्यामुळे उजेड कमी पार होतो. नकली कार्ड पुष्कळदा कंदिलाच्या कागदासारखं उजळतं.

यापैकी एकाच खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा एकाच दिशेनं बोलल्या तरच माना. आणि कार्ड फाडून आतला थर बघायची युक्ती कुणी सांगितली तर त्याचं ऐकू नका.

३. कार्ड बघायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ग्रेड देणारा माणूस चार गोष्टी बघतो: सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. तुम्हीही त्याच क्रमानं बघा. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. टेबलावर स्वच्छ, मऊ, गडद रंगाचं कापड पसरा. पंखा बंद करा. चहा लांब ठेवा.

सेंटरिंग म्हणजे छापील चौकट कार्डाच्या मध्यावर आहे की सरकलेली. डावी-उजवी किनार मोजा. समजा डावीकडे ३ मिलिमीटर आहे आणि उजवीकडे २. दोन्हींची बेरीज ५, म्हणजे प्रमाण ६०-४०. वर-खालीही असंच काढा आणि त्यातलं जे वाईट, ते धरा. पीएसए या अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपनीच्या १० ग्रेडसाठी पुढची बाजू साधारण ५५-४५ च्या आत आणि मागची ७५-२५ च्या आत लागते. पोकेमॉन कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं, त्याची किनार जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. म्हणजे पाव मिलिमीटरची चूकही इथे मोठी. त्यामुळे एकदा मोजून थांबू नका. तीनदा मोजा. सेंटरिंग हा छपाईतच आलेला दोष, तो तुम्ही कितीही जपलंत तरी सुधारत नाही. म्हणून मी आधी हेच मोजतो आणि इथे नापास झालेलं कार्ड १० च्या यादीतून लगेच काढतो.

कोपरे भिंगाखाली बघा, आठही. चार पुढचे, चार मागचे. मागचे विसरले जातात, आणि निळ्या पाठीवर पांढरी टोकं तिथेच आधी दिसतात. टोक किंचित मऊ झालंय, कागदाचे तंतू उभे राहिलेत, थर सुटायला लागलाय, या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. वहीत त्या वेगळ्या लिहा.

कडा बघताना कार्ड उभं धरून प्रत्येक बाजू उजेडात हळूहळू फिरवा. पांढरे ठिपके म्हणजे घासलेली कड. एखादी कड बाकीच्यांपेक्षा फारच ताजी, सरळ आणि तीक्ष्ण वाटली, तर आनंद मानू नका. ती कुणीतरी कापलेली असू शकते. शंका आली तर दुसऱ्या कार्डावर ठेवून आकार जुळवा. या प्रकाराचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जुन्या काळातला बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचं टी-२०६ या संचातलं कार्ड. १९९१ मध्ये पीएसएनं काम सुरू केलं तेव्हा सगळ्यात पहिलं प्रमाणित केलेलं कार्ड ते होतं, ग्रेड ८. आपण त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या, अशी कबुली त्याच्या एका जुन्या मालकानं, बिल मॅस्ट्रोनं, २०१३ मध्ये न्यायालयात दिली. आज कापलेलं कार्ड लक्षात आलं तर त्याला आकड्यातला ग्रेड मिळत नाही आणि भरलेली फीही परत मिळेलच असं नाही.

पृष्ठभाग सगळ्यात अवघड. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली कार्ड नेहमीच छान दिसतं. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च कार्डाच्या जवळजवळ पातळीत आडवी धरा आणि कार्ड हळूहळू कलतं करा. होलोवरचे, म्हणजे कार्डाच्या चकचकीत भागावरचे ओरखडे, छपाईच्या यंत्रानं सोडलेल्या सरळ रेघा, बोटांचे ठसे आणि दाबलेले खड्डे आता दिसतील. खड्डे फार महत्त्वाचे. माझं बेस सेटचं ब्लास्टॉइज कोपऱ्यांना, कडांना छान होतं. मी वहीत ८ लिहिलं. ते ६ होऊन आलं. परत आल्यावर आडव्या उजेडात धरलं तेव्हा पाठीवर नखाच्या टोकाएवढा दाब दिसला. बहुधा जुन्या अल्बमच्या कडीनं पडलेला. कार्ड माझ्या हातात वीस वर्षं होतं आणि मी तो कधी पाहिलाच नव्हता.

आता एक कळकळीची विनंती. कार्ड पुसू नका. धूळ रबरी फुग्यानं उडवा, तेवढंच पुरे. ओला रुमाल, खोडरबर, स्पिरिट, काही नको. मी डब्यातली पहिली पाच-सहा होलो कार्डं हौसेनं ओलसर रुमालानं पुसली होती. एकेकावर गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं उठलं आणि ते कायमचं राहिलं. कोपऱ्यावरचा पांढरा ठिपका मार्करनं रंगवणं, वाकलेलं कार्ड इस्त्री करणं, कड घासून नीट करणं हे सगळे फेरफार आहेत. भिंगाखाली ते पकडले जातात, आणि पुढे विकलं तर घेणाऱ्याची ती फसवणूक ठरते.

४. पाठवण्याआधी वहीत तुमचा ग्रेड लिहा

प्रत्येक कार्डासाठी एक पान. नाव, संच, क्रमांक, चारही गोष्टींची निरीक्षणं, आणि शेवटी तुमचा अंदाज. दुसऱ्या दिवशी तेच कार्ड पहिलं पान न बघता पुन्हा तपासा. दोन्ही अंदाज जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. वेगळे आले तर कमी असलेला धरा, कारण आपल्या वस्तूकडे आपण मायेनं बघतो.

निकाल आल्यावर त्याच पानावर खरा ग्रेड लाल शाईनं लिहा. माझ्या पहिल्या ११ कार्डांत ७ वेळा माझा अंदाज जास्त होता. पुढच्या खेपेला पृष्ठभागाकडे दुप्पट लक्ष दिलं आणि फरक बराच कमी झाला. डोळा असाच तयार होतो.

५. बाजारभाव काढा, पण विकल्या गेलेल्या किमतींवरून

ईबेवर एखाद्या कार्डापुढे दोन लाख रुपये लिहिलेले दिसले म्हणून ते दोन लाखांचं होत नाही. ती विकणाऱ्यानं मागितलेली किंमत. तुम्हाला हवी आहे ती प्रत्यक्ष व्यवहार झालेली. ईबेच्या शोधात 'सोल्ड' ही गाळणी लावा. साधारण गेल्या ९० दिवसांतले व्यवहार दिसतात. किंमत खोडलेली आणि घासाघीस करून विकलं अशी खूण दिसली तर खरा आकडा तिथे कळत नाही. तो '१३० पॉइंट' या संकेतस्थळावर बघायला मिळतो. पोकेमॉनसाठी 'प्राइसचार्टिंग'वर ग्रेडनुसार सरासरी किमती मिळतात. न ग्रेड केलेल्या, म्हणजे रॉ कार्डांसाठी अमेरिकेतला 'टीसीजीप्लेअर' उपयोगी.

मी असं करतो. नेमकी छपाई आणि नेमका ग्रेड टाकून शेवटचे किमान पाच व्यवहार लिहून घेतो. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बाजूला ठेवतो. उरलेल्यांवरून अंदाज बांधतो. पाच व्यवहारही मिळाले नाहीत तर किंमत पक्की समजत नाही, मग ती कितीही मोहात पाडणारी असो.

मग पॉप्युलेशन रिपोर्ट बघा. संग्राहक त्याला नुसतं 'पॉप' म्हणतात. त्या कंपनीनं ते कार्ड आजवर कोणत्या ग्रेडमध्ये किती नग प्रमाणित केलं, याचा तो तक्ता. म्हणजे यार्डातली आवकच. १० ग्रेडचे हजारो नग असतील आणि घेणारे थोडे असतील, तर तुमच्या १० ला फार भाव नाही. मात्र पॉप कमी दिसतो म्हणून कार्ड दुर्मीळच असेल असंही नाही. कुणाला ते पाठवण्यासारखं वाटलं नसेल, हेही कारण असू शकतं.

आणखी एक वजावट नवख्यांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतला भाव तुमच्या हातात तसाच पडत नाही. विक्री मंचाचं कमिशन, पाठवणी, चलन बदलण्याचा खर्च जातो. भारतातच विकायचं तर घेणारे कमी, म्हणून भावही बहुधा कमी. विमा किंवा घरातली वाटणी यासाठी किंमत हवी असेल तर बाजारभाव धरा. विकायचं असेल तर हातात पडणारी रक्कम धरा. दोन्ही आकडे वहीत वेगळे ठेवा.

६. पाठवायचं की नाही, हे गणितानं ठरवा

खालचे आकडे मानलेले आहेत, पद्धत समजण्यासाठी. कार्ड आहे तसं ४,००० रुपयांना जातं. ९ ग्रेडला ६,५०० आणि १० ग्रेडला १८,००० मिळतात. ८ किंवा खाली आलं तर पुन्हा ४,०००. ग्रेडिंग फी, जाण्या-येण्याचा खर्च, विमा, शुल्क धरून एका कार्डामागे ४,५०० खर्च.

अशी दहा कार्डं पाठवली तर दोन १० येतील, पाच ९ येतील, तीन खाली राहतील असं धरू. दोनाचे ३६,०००, पाचाचे ३२,५००, तिनाचे १२,०००. एकूण ८०,५००. म्हणजे कार्डामागे ८,०५०. खर्च वजा केला की ३,५५० उरतात. न पाठवता ४,००० मिळत होते. म्हणजे पाठवण्यात तोटा.

आता चार १०, चार ९ आणि दोन खाली असं धरून पाहा. ७२,०००, २६,००० आणि ८,०००. एकूण १,०६,०००. कार्डामागे १०,६०० आणि खर्च जाऊन ६,१००. आता पाठवण्यात अर्थ आहे. सगळा खेळ १० किती येतील यावर आहे, आणि ते तुमच्या तिसऱ्या टप्प्यातल्या नजरेवर आहे. म्हणून वही आधी, पाठवणी नंतर.

मामांची आठवण म्हणून, काचेसारख्या डबीत कायमचं सुरक्षित राहावं म्हणून कार्ड पाठवायचं असेल तर हे गणित लागू नाही. माझं ब्लास्टॉइज मी त्याच कारणासाठी पाठवलं होतं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

७. कंपनी आणि मार्ग निवडा

पीएसए सगळ्यात जास्त चालते, विकायला सोपी. तिथे १ ते १० असे ग्रेड आहेत, मधे अर्धेही आहेत, पण ९.५ नाही. बेकेट, म्हणजे बीजीएस, चारही गोष्टींचे वेगळे उपग्रेड देते, आणि चारही १० आले तर काळं लेबल मिळतं. तिथे ९.५ लाच जेम मिंट म्हणतात. सीजीसीनं कार्डांचं ग्रेडिंग २०२० मध्ये सुरू केलं. त्यांच्याकडे १० च्याही दोन पायऱ्या आहेत. त्यामुळे एका कंपनीचा ९.५ दुसरीच्या ९.५ शी ताडून किंमत लावू नका. पहिल्यांदा पाठवत असाल आणि पुढे विकायचं असेल, तर माझा सल्ला पीएसए.

फी कार्डाच्या किमतीच्या टप्प्यानुसार असते. अर्जात लिहायची किंमत ग्रेड झाल्यानंतरची अंदाजी. ती मुद्दाम कमी लिहिली आणि कार्ड वरच्या टप्प्यात गेलं, तर वाढीव फी मागतात. वेळही कंपनीच्या कामाच्या दिवसांत मोजतात, आणि तो पार्सल पोचल्यापासून नाही, त्यांच्या यंत्रणेत नोंद झाल्यापासून. एक महिना वाचलं तर मनात तीन धरा.

पाठवायचे मार्ग दोन. थेट परदेशी कुरिअरनं, किंवा मध्यस्थामार्फत, म्हणजे पुण्या-मुंबईत जे बऱ्याच जणांची कार्डं एकत्र करून पाठवतात. थोड्या कार्डांना दुसरा मार्ग स्वस्त पडतो. पण इथे मी पोळलोय. माझ्या पहिल्या मध्यस्थानं कार्डं घेताना यादीवर सही दिली नाही, पुढे फोन उचलायचं बंद केलं, आणि कार्डं आठ महिन्यांनी हातात आली तेव्हा एकाचं पाकीट बदललेलं होतं. म्हणून पैसे देण्याआधी हे लेखी घ्या:

- प्रत्येक कार्डाचं नाव, क्रमांक आणि फोटोसह पोच
- एकूण खर्च, त्यात वाढीव फी आणि आयात शुल्क कुणी भरायचं यासह
- हरवलं किंवा खराब झालं तर भरपाई किती आणि कोण देणार
- कंपनीकडच्या अर्जाचा क्रमांक, म्हणजे प्रगती तुम्हाला स्वतः बघता येईल

हे लिहून द्यायला जो कचरतो, त्याच्याकडे कार्ड देऊ नका. दुसऱ्या खेपेला मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन समोर बसून यादी तपासून दिली. एका रात्रीचा प्रवास, पण आठ महिन्यांची झोप वाचली.

८. बांधणी आणि कागदपत्रं

कार्ड पेनी स्लीव्हमध्ये, ती कार्ड सेव्हरमध्ये. टॉपलोडर पाठवणीसाठी वापरू नका, त्यातून काढताना कोपरे दुखावतात. बाहेर काढायला सोपं जावं म्हणून स्लीव्हच्या वरच्या टोकाला मास्किंग टेपची छोटी पट्टी, कार्डाला न लागेल अशी. अर्जातल्या क्रमानं गठ्ठा लावा, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, मग बबल रॅप, मग खोकं. हलवून बघा. आतून आवाज आला तर पुन्हा बांधा.

थेट कुरिअर करत असाल तर हे लागतं:

- आधार, पॅन किंवा पासपोर्ट (केवायसीसाठी)
- कंपनीच्या अर्जाची छापील प्रत
- कार्डांची यादी आणि प्रत्येकाची किंमत
- बिल, त्यावर 'विक्रीसाठी नाही, ग्रेडिंग करून परत' हा हेतू स्पष्ट इंग्रजीत
- पाठवण्यापूर्वीचे दोन्ही बाजूंचे फोटो, तारखेसह

शेवटचे दोन कागद परतीच्या वेळी कामाला येतात. पार्सल परत येताना सीमाशुल्क खात्याला ते बाहेरून विकत घेतलेलं वाटू शकतं. कार्ड आपलंच होतं, इथूनच गेलं होतं, हे दाखवता आलं नाही तर पूर्ण किमतीवर शुल्क आणि आयजीएसटी लागण्याची शक्यता असते. दर आणि नियम बदलतात, म्हणून ज्या आठवड्यात पाठवणार त्याच आठवड्यात कुरिअरकडून लेखी उत्तर घ्या. किंमत खोटी कमी दाखवून शुल्क वाचवायचा सल्ला मिळेल. तसं केलंत आणि पार्सल हरवलं, तर भरपाई त्या खोट्या किमतीचीच मिळेल.

९. स्लॅब घरी आल्यावर

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ करा. स्लॅब, म्हणजे कार्ड सीलबंद केलेली कडक डबी, कडेनं तडकली आहे का बघा. लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून कार्डाचं नाव आणि ग्रेड जुळवा. दुसऱ्याकडून स्लॅब विकत घेतानाही हेच करा, आणि तिथे थांबू नका. बाजारात नकली स्लॅब आहेत आणि त्यांवर खऱ्या कार्डाचा क्रमांक उतरवलेला असतो. क्रमांक बरोबर येतो, कार्ड खोटं असतं. म्हणून संकेतस्थळावर त्या कार्डाचा फोटो असेल तर सेंटरिंग आणि छपाईतले ठिपके ताडून बघा.

साठवणीत आपल्याकडचा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर घरातली हवा दमट असते. होलो कार्डात एका बाजूला चकचकीत पापुद्रा आणि दुसऱ्या बाजूला कागद. कागद ओलावा पितो, पापुद्रा पीत नाही, आणि कार्ड धनुष्यासारखं वाकतं. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. डब्यात सिलिका जेल घाला, पण मीटर बघत घाला. जास्त घातलं की कार्ड उलट्या बाजूला वाकतं. स्लॅबही हवाबंद नसतो, त्यामुळे तोही डब्यातच. जुने मऊ पीव्हीसीचे अल्बम कार्डाला चिकटतात, ते लगेच बदला आणि पॉलिप्रॉपिलीनची पानं घ्या. रबरबँड कधीच नको.

आणि पंचगंगेच्या काठाकडच्या भागात राहत असाल, तर डबा खालच्या मजल्यावर किंवा पलंगाखाली ठेवू नका. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते आपण पाहिलंय. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेल्याची बातमी आली की मी घरातल्या कागदपत्रांच्या फाइलसोबत कार्डांचा डबाही उचलतो, वही त्याच पिशवीत घालतो आणि सगळं वरच्या मजल्यावर बहिणीकडे नेऊन ठेवतो. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत नाही.